शूबाईंची नोंद

माझी मावशी एकतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. वाचकांनी तिचं नाव शूबाई ठेवलं होतं आणि ते तिला माहीत होतं. कुणी खुर्ची सरकवली, की शू. कुणी पान जोरात उलटलं, की शू. एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांना तर तिने दोनदा शिंकले म्हणून बाहेर काढलं होतं. आई गेल्यावर मी तिच्याकडेच वाढले. माझा आवाज जन्मजात मोठा, त्यामुळे माझं निम्मं बालपण तोंडावर बोट ठेवण्यात गेलं. आमच्या घरात ढेकर हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे, द्यायची गोष्ट तर सोडाच.

अशा बाईच्या आतड्याला पीळ पडला. डॉक्टरांनी वीतभर तुकडा कापून काढला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली.

"हात लावला की आतडं रुसून बसतं," ते मला म्हणाले. "काही दिवस हलतच नाही. चालू झालं की वारा सरतो. तोवर तोंडाने काही द्यायचं नाही."

म्हणजे जिने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज बंद केले, तिच्या एका आवाजासाठी आता अख्खा वॉर्ड कान टवकारून बसला होता. मला हसू येत होतं आणि हसल्याची लाजही वाटत होती.

रोज सकाळी डॉक्टर सहा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायचे आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहून खणखणीत विचारायचे, "काय बाई, सरला का वारा?" सहा पेनं वह्यांवर टेकायची.

मावशी छताकडे बघायची. "सांगण्यासारखं काही नाही."

सहाही जण 'नाही' असं लिहून घ्यायचे.

एरवी तिच्या तोंडाला कुलूप वगैरे नव्हतं. पचनसंस्थेवरचा एक जाडजूड ग्रंथ तिने वाचनालयातून मागवून घेतला होता. कपाट चौथं, खालून दुसरा खण, निळी पाठ; हे सगळं पडल्या पडल्या सांगून. नाकात नळी, हाताला सलाइन आणि छातीवर तो ग्रंथ, अशा थाटात ती शेजारच्या खाटेवरच्या भाजीवाल्या बाईंना शिकवायची.

"जठरात नुसतं घुसळतात. खरं काम लहान आतड्याचं. वीस फूट असतं ते!"

"एवढ्याशा पोटात?" भाजीवाल्या बाई स्वतःच्या पोटाकडे संशयाने बघायच्या.

"घड्या घालून ठेवलेलं असतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिथेच येऊन मिळतो. आतून मखमलीसारखी लव असते. त्या लवेतून साखर, प्रथिनं रक्तात शिरतात, आणि ते रक्त आधी यकृताकडे जातं. तिथे तपासणी झाल्याशिवाय पुढे काही सोडत नाहीत. माझी वीत गेली तरी सव्वाएकोणीस फूट शिल्लक आहे."

"आणि मग पुढे?"

"पुढे मोठं आतडं. ते पाणी शोषून घेतं."

"आणि मग?"

"मग प्रकरण संपतं," असं म्हणून मावशी ग्रंथ मिटायची.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या पोटाला बराच वेळ स्टेथोस्कोप लावला. "गुडगुड ऐकू येतेय, पण वारा सरत नाही. हे काही बरं लक्षण नाही. दुपारी फोटो काढू. शिवलेल्या जागी अडकलं असेल, तर पोट पुन्हा उघडावं लागेल." ते पुढच्या खाटेकडे वळले.

मावशी अडुसष्ट वर्षांची, पाच दिवस पोटात अन्नाचा कण नाही, मनगटं काडीसारखी झालेली. मी रडायला लागले, आणि तेही माझ्या जन्मजात आवाजात. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

तिने शू केलं नाही. माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, ग्रंथ उघडला, आतून एक चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. "डॉक्टरांना दे. मोठ्याने वाचायची नाही."

तिचं ते टपोरं, सरळ अक्षर. 'परवा, दुपारी ३.१०, एक. सायंकाळी ६, एक, किरकोळ. काल, सकाळी ७.२५, दोन.' अशा एकूण सात नोंदी होत्या.

"मावशी!" मी किंचाळलेच. "परवापासून?"

"मी ऐकलावता पयला," भाजीवाल्या बाई म्हणाल्या. "पण बाईंनी मला शपथ घातली."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि पाठ फिरवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी फोटो रद्द केला, नळी काढायला सांगितली आणि कोरा चहा द्यायला परवानगी दिली.

मला मात्र संताप आवरेना. "दोन दिवस उगाच उपाशी राहिलीस! पोट फाडून घेतलं असतंस, पण तोंडातून ब्र काढला नसतास!"

"त्यांनी विचारावं तरी कसं? सहा मुलांसमोर!" मग ती हळूच म्हणाली, "तू रडलीस म्हणून दिली."

मी तिला चमच्या-चमच्याने चहा पाजला. चौथ्या चमच्याला तिच्या पोटातून लांबलचक, चांगली ऐकू येण्यासारखी गुरगुर आली. मला हसू फुटलं आणि मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मावशीने पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या ओठांवर.

"शू," ती म्हणाली. "मला ऐकू दे."