बाभळीचं डोहाळजेवण

दुर्बीणबाईंना गळ्यात दुर्बीण नसताना मी एकदाच पाहिलं, त्यांच्या लेकीच्या लग्नात, तेही फोटोपुरतंच. आमच्या निमगाव सावाच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, पण लक्ष सगळं खिडकीबाहेरच्या चिंचेवर.

एकदा आम्हा मुलींना घाटघरला नेताना रस्त्यावर खेकडे दिसले आणि बाईंनी एसटी थांबवली. निम्मे प्रवासी पिशव्या घेऊन खाली! बाई ओरडल्या, "खुशाल खा! पण पोटाला पिल्लं असलेली सोडा. नाहीतर पुढच्या वर्षी कालवण कशाचं कराल?" कंडक्टरनेही मुकाट्याने पिशवी निम्मी रिकामी केली.

पुढे त्यांची गाठ माझ्या वडिलांशी पडली. आमच्या विहिरीवरची बाभूळ सुगरणींच्या खोप्यांनी लगडलेली असते. पाखरं बाजरी खातात म्हणून अण्णांनी ती तोडायला माणूस सांगितला. मी रडतच बाईंकडे गेले. बाईंनी अण्णांना परोपरीने समजावलं: ही पाखरं पिल्लांना किडे भरवतात, आसपासच्या विहिरींवरच्या बाभळी गेल्या, फवारणीने किडेही चालले, मग यांनी जायचं कुठं?

अण्णा म्हणाले, "बाई, तुमचं समदं खरं. पर बाजरी माझी हाय."

दुसऱ्या दिवशी तोडणारा मशीन घेऊन आला, तर बाभळीला हिरवी साडी! बाईंनी आळीतल्या बाया जमवून चक्क डोहाळजेवण मांडलं होतं. ओटी, गाणी, झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. वाटी उघडायला लावली ती अण्णांनाच. बर्फी निघाली, "मुलगी!" म्हणून बायांनी एकच गलका केला. अण्णांना हसू आवरेना. "आता पोटुशीवर मशीन चालवू व्हय?" म्हणत त्यांनी त्या माणसाला चहा पाजून परत लावून दिलं.

"बाई, तुम्ही विज्ञानाच्या, आणि झाडात देव बघता?" मी विचारलं.

"देव कुठे म्हटलं? पोटुशी म्हटलं. ती दिसते की दुर्बिणीतून."

निवृत्त होऊन त्या लेकीकडे कोल्हापूरला गेल्या, तेव्हा मला फार पोरकं वाटलं.

यंदा श्रावणात अण्णांचा फोन आला. "बाईंना कळव, बाभळीवर पुन्ना खोपं लागल्यात. बाया टमाट्याच्या तोडणीला गेल्यात, म्हून ओटी मीच भरली."

आई गेल्यापासून अण्णांनी कुठल्याच कार्यात हात घातला नव्हता. मी लगेच बाईंना फोन लावला. सगळं ऐकून बाई नाक ओढत म्हणाल्या, "आणि काय निघालं? पेढा की बर्फी?"