प्लास्टरताई आणि बाथरूमचा उंबरठा

प्लास्टरताईंना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. हाडांच्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कुणाचा हात, कुणाचा पाय, मोडला की ताईंनी पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळायचा आणि सहा आठवड्यांनी ताईंनीच कापून मोकळा करायचा. कापायचं मशीन सुरू झालं की भल्याभल्या पहिलवानांची पाचावर धारण बसायची. मग ताई ते घरघरणारं पातं सरळ स्वतःच्या तळहातावर टेकवत. "बघा, काही झालं का? हे गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक असेल ते कापतं, मऊ असेल ते सोडून देतं." पेशंट हसायचा आणि ताई कामाला लागायच्या. एकतीस वर्षांत एकालाही ओरखडा नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगायच्या. ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगायच्या.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पहिले दोन महिने त्यांनी भरपूर झोप काढली आणि मग त्यांचे हात शिवशिवायला लागले. घरात कापण्यासारखी एकच गोष्ट होती, भाजी, आणि ती घरच्या साहेबांनी आपल्याकडे घेतलेली. साहेब म्हणजे ताईंचे यजमान. ग्रंथालयात पस्तीस वर्षं नोकरी केलेला शांत माणूस. अवजार म्हणून त्यांनी हातात धरलेली सर्वांत भयंकर वस्तू म्हणजे स्टेपलर.

अशात ताईंचे थोरले भाऊ जिना उतरताना पडले आणि त्यांचा खुबा मोडला. दादा सत्तरीचे, एकटे राहणारे, आणि राग कायम नाकावर. ऑपरेशन छान झालं. शनिवारी दुपारी घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, दादा आमच्याकडेच राहणार. दादांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी वॉकरवर चालतोय. संडासाला माझा मी जाऊ शकलो तर राहीन. तिथंसुद्धा मला कुणी बखोटीला धरून नेणार असेल, तर मी सोमवारी वृद्धाश्रमात जातो. फॉर्म भरून ठेवलाय."

फॉर्म खरंच भरलेला होता, उशीखाली होता. ताईंनी तो बघितला आणि पुन्हा उशीखाली सरकवला. आई गेली तेव्हा ताई नऊ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांची वेणी घालायला दादा शिकले होते.

घरी येऊन ताईंनी बाथरूमच्या दारात बैठक मारली. संडासही आतच, आणि दाराला जाड लाकडी उंबरठा होता, चांगला चार बोटं उंच. आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीत, मध्ये हा आडवा पडलेला. आजवर तो कुणाच्या डोळ्यांत खुपला नव्हता, आता मात्र ताईंना घरात दुसरं काही दिसेना. उताराची फळी टाकून बघितली, तर आत फळीला जागाच पुरेना. सुतार आला, चौकटीवर दोन टिचक्या मारून म्हणाला, "ताई, अख्खी चौकट काढावी लागेल. फरश्या फुटणार. आठ दिवस धरा. आणि मी मोकळा पुढच्या महिन्यात."

तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी ताई हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. उंबरठा मुळातून कापायचाय, चौकटीला धक्का न लावता, असं त्यांनी सांगितलं. दुकानदारानं एक लांबट, मुठीत मावेलसं मशीन काढलं. "हे मल्टिटूल. पातं बदललं की लाकूड कापतं, खिळा कापतं, घासतं, खरवडतं." त्यानं बटण दाबलं. तो आवाज ऐकला मात्र, ताईंचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा फुलला.

"अहो, हे तर आमचंच!"

"तुमच्याकडे आहे?"

"एकतीस वर्षं होतं," ताई म्हणाल्या. मग दुकानदारालाच पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की हे फिरत नाही, थरथरतं. तो बिचारा हो हो करत राहिला.

घरी साहेबांनी माहितीपुस्तिका ताब्यात घेतली. पुस्तक कुठलंही असो, ते पहिल्या पानापासून वाचायचं, हा त्यांचा नेम. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा, अशा थाटात ते स्टुलावर बसून मोठ्यानं वाचू लागले. ताईंनी दातेरी पातं चढवलं, मशीन सुरू केलं. साहेब दचकून स्टुलासकट मागे सरकले.

"अगं जपून! इथं लिहिलंय, चालू पात्यापासून हात लांब ठेवावा."

"लिहिणाऱ्यानं कधी धरलं नसेल," ताई म्हणाल्या. "तुम्ही उगाच घाबरता. हे बघा, काही होत नाही." आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी चालू पातं डाव्या तळहातावर टेकवलं.

झालं. प्लास्टरच्या पात्याचे दात आखूड आणि बोथट. हे पातं लाकडासाठी बनवलेलं, त्याला मऊ काय आणि कडक काय. अंगठ्याखाली लालभडक रेघ उमटली. साहेबांनी रक्त बघितलं आणि त्यांची बोबडी वळली. ताईंनी मशीन बंद केलं, प्लग काढला, हात नळाखाली धरला आणि एका हातानं स्वतःची मलमपट्टी केली. टाक्यांची गरज नाही, हेही स्वतःच ठरवलं. जखम फार नव्हती. पण एकतीस वर्षांत एकालाही ओरखडा नाही, हे वाक्य आता कोणत्या तोंडानं म्हणायचं, ते त्यांना सुचेना. त्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

साहेबांनी मशीन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोला आवाज चढवून सांगितलं, "आता पुरे."

तासाभरानं ठक् ठक् आवाज आला. साहेब उठून बघतात तर दादांसाठी आणून ठेवलेला वॉकर ताईंनी पुढे घेतलेला, एक पाय ताठ ठेवलेला, आणि त्या उंबरठा ओलांडायला बघत होत्या. वॉकरचे पुढचे पाय चढले, मागचे अडकले, तो कलला. ताईंनी चौकटीला धरून तोल सावरला. पुन्हा मागे आल्या, पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी त्यांना रडू फुटलं.

"नाही जमणार हो त्याला. पडेल नाहीतर फॉर्म देईल. दोन्हींतलं एक."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली, मशीन आणलं, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला. "मी धरतो. तू सांग."

"तुम्ही?"

"तेराव्या पानापर्यंत वाचलंय मी."

ताईंनी डोळे पुसले आणि खाली बसकण मारली. खोलीत पुन्हा प्लास्टरताई अवतरल्या. नव्या शिकाऊ डॉक्टरांची त्या जशी हजेरी घ्यायच्या, तशी त्यांनी नवऱ्याची घेतली. "दोन्ही हात मशीनवर. खांदे खाली. कानाला का चिकटवलेत? पातं चौकटीला लागून. दाबू नका, टेकवा. त्याला त्याचं काम करू द्या. आता उचला. जरा सरका. टेकवा."

भुसा उडाला. साहेबांनी घट्ट मिटलेले डोळे उघडले. लाकडात एक बारीक, सरळ चीर पडली होती. "अगं, कापतंय!" ते ओरडले, जसं काही त्यांनी डोंगर फोडला होता.

उजवी बाजू संपायला पाऊण तास लागला. मध्ये पातं किंचाळलं, ठिणग्या उडाल्या आणि साहेब पुन्हा स्टुलापर्यंत गेले. "खिळा आहे," ताई आवाजावरूनच म्हणाल्या. त्यांनी धातूचं पातं काढून दिलं. प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, हे आता दोघंही एका सुरात म्हणत होते. डाव्या बाजूला साहेबांचे हात भरून आले. तेव्हा ताईंनी आपला चांगला हात त्यांच्या हातांवर ठेवला. चार हातांपैकी तीन मशीनवर, चौथा पट्टी बांधलेला, लांब पाठीमागे. असे ते दोघं गुडघ्यांवर बसून, भुशानं पांढरे होऊन, उंबरठा कापत राहिले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण एवढ्या जवळ बसून एवढा वेळ त्यांनी एकत्र काहीच केलं नव्हतं. ताईंना हसू येत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पहारीनं उचकटल्यावर तो ओंडका सुटून बाहेर आला. खालचा जुना सिमेंटचा थर खरवडायच्या पात्यानं निघाला, खाच लवकर सुकणाऱ्या मालानं भरली, चौकटीचे कापलेले काठ घासून गुळगुळीत केले. पाणी बाहेर येऊ नये म्हणून रबराची चपटी पट्टी चिकटवली. डावीकडचा काप जरा तिरका गेला होता. साहेबांना तो फार लागला, पण ताई म्हणाल्या, सुरुवातीला माझाही जायचा.

शनिवारी दुपारी दादा आले. टॅक्सीतून उतरल्यावर हातातली छोटी पिशवी वॉकरला अडकवून ते आत शिरले आणि पाणीसुद्धा न मागता थेट बाथरूमकडे निघाले. ताई दोन पावलं मागे. हात पुढे होऊ नयेत म्हणून त्यांनी ते पदरात गुंडाळून घेतले.

दादा दारात थांबले, खाली बघितलं.

"इथं उंबरठा होता. मागच्या वेळी ठेचकाळलो होतो मी."

"होता."

"कुणी काढला?"

साहेबांनी घसा खाकरला. "आम्ही दोघांनी."

दादांनी मेहुण्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. साहेबांच्या कानात अजून भुसा होता. मग ताईंच्या पदरातून डोकावणारी हाताची पट्टी बघितली. त्यांनी वॉकर पुढे सरकवला. पुढचे पाय रबरावरून सहज गेले, मागचेही गेले. मग दुखरा पाय, मग चांगला. दादांनी मागे न बघता दार लोटलं आणि आतून कडी लावली.

ताई आणि साहेब बाहेर कान देऊन उभे राहिले. दवाखान्यात ताईंनी हजारो पाय मोकळे केले होते, पण ते दाराबाहेर पडले की पुढे कुठे जातात, ते बघायला कधी वेळच मिळाला नव्हता. आत नळ सुटला. खुडबूड झाली. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. साहेबांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

मग आतून दादांचा खणखणीत, वैतागलेला आवाज आला.

"अगं ए, या ग्लासात दोनच ब्रश मावतात. माझा कुठं ठेवू? जरा मोठा ग्लास आण."

"आणते रे, दादा!" ताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे धावल्या.