पाणचक्कीतलं बिऱ्हाड

ऐंशीच्या सुमारास सावलीजवळची एक जुनी पाणचक्की बंद पडली. मालकाने आत भिंती घालून तिची चार घरं केली आणि त्यातलं एक मी हौसेने घेतलं. चाक गेलं होतं, पण कालव्याचं पाणी अजून आमच्या फरशीखालून धावायचं. दिवसभर घर गुरगुरायचं. मला एका जागी बसवेना, बायकोला करमेना. श्रावणात तिने ट्रंक भरली.

"मी ऊर्जानगरले भावाकडे चालली. तुमी ऐकत बसा तुमचं पाणी!"

मी धावत बाहेर गेलो आणि पाणी घराखाली शिरायचं त्या तोंडाशी असलेली, पाणी अडवायची जुनी फळी खाली सोडली. आवाज बंद! मिशीला पीळ देत आत आलो, तर अडलेलं पाणी माझ्यामागून उंबरठा ओलांडून घरात. पाठोपाठ खालच्या धानाच्या बांध्यांमधले शेतकरी.

"भाऊ, आज आमची पाण्याची पाळी हाये. आमचं धान वाळवता काऊन?"

त्यांनीच फळी उचलली. घर पुन्हा गुरगुरू लागलं. बायकोने ट्रंक उघडली, तर सगळ्या साड्या चिंब.

"ह्या वाळल्या की जाते," तिने बजावलं.

तिच्यासमोर मी रोज ऊन पडावं म्हणून हात जोडायचो. साड्यांची दोरी मात्र मीच ओसरीच्या ओल्या कोपऱ्यात बांधली होती.