आत्या खुर्चीतून उठते

हाताने काढलेल्या चित्रांना हलतं-चालतं करायला शिकवणाऱ्या एका कॉलेजात मला प्रवेश हवा होता. त्यांची अट एकच: माणूस खुर्चीतून उठताना दाखवा, चेहरा काढू नका, पण अंगाचं वजन दिसलं पाहिजे. ऐकायला सोपं! कागदांमागून कागद काढले, पण माझा मेला माणूस दरवेळी फुग्यासारखा वर तरंगत जायचा. डोकं फिरलं होतं माझं. उद्या सकाळी पाठवायचं होतं.

त्यात पनागरहून आत्या आली. वजनाच्या बाबतीत आमच्या खानदानात तिचा हात धरणारं कोणी नाही. म्हटलं, "आत्या, जरा खुर्चीतून उठून दाखव न."

"काहून? चित्र काढून राहिली का माझं? अच्छा, थांब मग."

आत गेली ती भरजरी साडी नेसून, पावडर लावूनच बाहेर आली. "अगं, चेहरा काढायचाच नाहीये!" मी ओरडले. ऐकते कशाला! पोट आत ओढून, श्वास रोखून अशी अलगद उठली, की समोर पाहुणे तिला बघायला आलेत असं वाटावं. पुन्हा उठवलं, पुन्हा तेच. आमच्याकडे फोटो म्हटलं की सगळे ताठ होतात. चित्राचंही तेच झालं.

इतक्यात स्वयंपाकघरातून बाबांची आरोळी आली, "अरे, दूध गेलं!" दुधापाशी त्यांना उभं केलं होतं आणि ते मोबाइल पाहत होते. झालं! आत्या पोट विसरली. आधी मागे रेलली, मग पुढे वाकली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून "आई गं!" म्हणत सगळं अंग खाली दाबलं आणि मग उठली. ती उभी राहिली तरी पदर आणि पोट मागाहून येतच होते. वर जायच्या आधी खाली दबायचं, हे पुस्तकात कितीदा वाचलं होतं, समजलं तेव्हा. दूध गेलं ते गेलंच, मी पेन्सिल घेऊन बसले.

संध्याकाळी कागदांची चळत अंगठ्याने फडफडवून दाखवली. बाबा हसून हसून खोकायला लागले. "बस झालं न भाऊ," आत्या म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. बाबांचा असा संताप आला मला!

"नाही पाठवत मी हे," मी म्हटलं. रडू येत होतं, कॉलेजसाठीही.

आत्याने चळत घेतली आणि सावकाश फडफडवली. "चुकलं आहे," ती म्हणाली. "आज दुधापायी राहून गेलं. एरवी उठायच्या आधी मी इकडेतिकडे पाहून घेते न, कोणी पाहून तर नाही राहिलं. ते कुठे आहे?"

मी चळत तिच्याकडून परत घेतली.

"चलो, काढ लवकर. मग पाठव."

मी कोरा कागद ओढला आणि त्यावर तिची मान दाराकडे वळवली. बाबा मुकाट्याने उठून बाहेर गेले.