सोडून द्यायच्या सकाळी

माझे भावोजी कॉलेजात गणित शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझी थोरली बहीणसुद्धा, लग्न झाल्यापासून, ‘अहो मास्तर’. माझं त्यांचं फारसं कधी पटलं नाही. माणूस भला, पण चहात साखर कमी आहे हे सांगायलाही आधी व्याख्या करणार.

त्यांचा विषय क्रमिका, म्हणजे एकामागून एक येणारे, न संपणारे आकडे. आकडे एकाच संख्येजवळ सरकत राहिले, की ती त्यांची सीमा. पण मधूनच एखादा चुकार आकडा भलतीकडे जात राहिला, तर जुन्या नियमानं सगळंच फिसकटतं. मास्तरांनी उभी हयात ज्यावर घालवली तो नियम जरा मोकळ्या मनाचा होता. चुकार आकडे कधीच संपले नाहीत तरी चालेल, फक्त ते इतके विरळ होत जावेत की त्यांचं प्रमाण शून्याकडे जाईल. मग ते खुशाल सोडून द्यायचे.

ताई माणसं विसरायला लागली तेव्हा त्यांनी एक वही केली. ती उठली की खुर्ची ओढून समोर बसायचे. तिनं ओळखलं तर एक, नाही तर शून्य. ओळखायची ती सकाळीच, म्हणून दोन वर्षं त्यांनी सकाळचा तास घेतला नाही. पहिल्या महिन्यात बावीस सकाळी तिनं ओळखलं. पुढे महिन्याला नऊ. शेवटी दोन महिन्यांत मिळून एकदा.

“सीमा शून्य आहे गं,” एका रविवारी ते मला म्हणाले. “आता मधे एखादी सकाळ आली, तरी तिनं काही बदलत नाही.”

मंगळवारी मला ताईजवळ बसवून त्यांनी आठचा तास घेतला. मी अडवलं नाही. मलाही ते पटलं होतं, त्याची लाज अजून जात नाही.

ताई साडेआठला उठली, खोलीभर बघितलं आणि म्हणाली, “मास्तर कुठे गेले? न खाताच गेले असतील.” मग माझ्याकडून केस विंचरून घेतले आणि खिडकीशी बसली. मी तीनदा फोन लावला. तासाला जाताना ते फोन कॉलेजातल्या खणात ठेवून जायचे. इकडे ही दर थोड्या वेळानं हाक मारत होती.

पावणेदहाला ते धापा टाकत आले. ताईनं वर पाहिलं.

“कोण हवंय आपल्याला?”

पुन्हा त्यांनी तास सोडला, पुन्हा खुर्ची ओढली. पुढे ती चाळीस दिवस जगली. चाळीसही शून्यं.

ती गेल्यावर आठवड्यानं त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी हाक कशी मारत होती?”

मी सांगितलं.

“तशी नाही. तिच्यासारखी.”

आम्हा बहिणींचा आवाज एकच, फोनवर लोक फसायचे. मी तिच्या आवाजात म्हटलं, “अहो मास्तर.”

“ओ,” मास्तर म्हणाले.