आमच्या गटातली डिप्लोमावाली

रायपूरला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोजेक्टच्या प्रत्येक गटात एक डिप्लोमावाला टाकायची पद्धत होती, भाजीत मीठ टाकावं तशी. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या पोरांना वेल्डिंग येतं, म्हणून. आमच्या गटातलं मीठ मी.

सामान घेऊन जिना चढणारी ढकलगाडी करायची होती. कॉलेजच्या पायऱ्यांची उंची मी मोजली, त्यावरून चाकं मी ठरवली, बीरगांवातल्या एका वर्कशॉपमध्ये सांगाडाही मीच जोडला. चौबे कॉलोनीसारख्या पैसेवाल्या वस्तीतला आमचा लीडर तेवढा वेळ स्लाइड्स सजवत होता. परीक्षकांसमोर मला बोलू द्या, एवढंच मी मागितलं. गाइड सर म्हणाले, "बेटा, तेरी इंग्लिश कच्ची है. तू मशीन के पास खड़ी रह."

घरी सांगितलं तर आई भडकली. "काहून वं? बनवून राहिली तू, अन् बोलणार तो?"

परीक्षेच्या दिवशी गाडी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. फोटोत छान दिसावी म्हणून लीडरने आदल्या दिवशी माझी चाकं काढून लहान, चकचकीत चाकं बसवली होती. मला न विचारता! सरांना सांगायला गेले, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. परीक्षक बाई आत आल्या होत्या.

गाडी पहिल्याच पायरीला अडली. सगळा गट माझ्याकडे बघायला लागला. लीडर कुजबुजला, "दीदी, कुछ कर ना." वर्षभर डिप्लोमावाली होते, त्या क्षणी दीदी झाले. बाईंनी विचारलं, काय झालं? मग मी नाही थांबले. पायरी केवढी, चाक केवढं हवं, कोणी बदललं आणि कशासाठी, सगळं हिंदीत सांगून टाकलं. बाईंना माझा हिशोब पटला.

निकालात डिझाइनचे गुण सगळ्या गटाला सारखे, अगदी पूर्ण. टीमवर्कचे मात्र एकटीचे कापले, माझे. "टीम में रहकर टीम की बुराई नहीं करते," सर म्हणाले. अंगाची लाही लाही झाली. आजही ते वाक्य आठवलं की होते.

त्याच संध्याकाळी लीडरचा फोन आला. गाडी दुसऱ्या कॉलेजातल्या स्पर्धेला न्यायचं ठरलं होतं आणि मोठी चाकं परत बसवायची होती.

"तू ही लगा ले," मी म्हटलं. "टीम है ना."