नववा भाग

ओजस, तन्वी, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. या सदराचे वाचक वाचतीलच, पण तुम्ही सावकाश वाचा, अडलं तर बाबाला विचारा. तुम्ही दोघं त्या दिवशी फोनवर होतात, म्हणजे अर्ध्या गोष्टीचे साक्षीदार आहात. उरलेली अर्धी तुम्हाला कोणी नीट सांगितलेली नाही.

आधी माझ्याबद्दल. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एकदा नववीतल्या मुलीनं निबंधात चिंचेवरच्या हडळीचं वर्णन केलं होतं. मी तिची क्रियापदं दुरुस्त केली, व्याकरणाचे गुण दिले आणि खाली शेरा लिहिला, ‘पुढच्या वेळी पाहिलेलं लिही.’ अशी मी बाई. आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त जेवणात असते. तेव्हा पुढचं वाचून कोणाला वाटलं की म्हातारीची बुद्धी चळली, तर मी त्याला दोष देणार नाही. मीही तेच म्हटलं असतं.

गेल्या दिवाळीत ओजस आला तेव्हा त्यानं टीव्हीवर आपलं खातं वगैरे ते सगळं जोडून दिलं आणि एक इंग्रजी मालिका लावून दिली. “आजी, ही बघ. आत्याचंच काम करणारी बाई आहे यात.” तुमची चारूआत्या अकोल्याला समुपदेशक आहे, लोक मनातलं दुखणं घेऊन तिच्याकडे येतात. मालिकेतली बाईही तेच करायची. थंड गाव, मोठं तळं, तळ्याकाठी लाकडी घर, नवरा, एक मुलगी. आणि तिचा एक जुना पेशंट — अतिशय सभ्य, हळू बोलणारा — जो तिच्या घरच्यांच्या आयुष्यात थेंबाथेंबानं शिरत जातो. आधी चिठ्ठी, मग फुलं, मग रस्त्यापलीकडे नुसतं उभं राहणं.

मी ती लगेच पाहिली नाही. मार्च लागला, ऊन वाढलं, दुपारी बाहेर पडणं बंद झालं, तेव्हा काढली. रोज दुपारी दोन वाजता एक भाग. तुमचे आबा त्यांच्या आरामखुर्चीत, मी दिवाणावर, खिडकीत कूलर. भाग संपला की मी वहीत त्याचा सारांश लिहायची, पाच-सात ओळी, इंग्रजीत. शाळेत मुलींकडून सारांश लिहून घ्यायची सवय, ती सुटत नाही. शिवाय बुधवारी तुमचा फोन आला की वाचून दाखवायला बरं. आबा म्हणायचे, “मालिका बघतेस की पेपर तपासतेस?”

त्या मंगळवारचं मला एवढं आठवतं. पडदे ओढलेले होते. कूलरचा आवाज एका लयीत चाललेला. त्या हिरवट अंधारात टीव्हीतलं तळं आणि आमची खोली यांच्यामध्ये काही सीमाच उरली नव्हती. पडद्यावर तो माणूस चालत होता, मला त्याची पाठ दिसत होती. ऊन होतं. त्या गावात आधीच्या कुठल्याच भागात ऊन नव्हतं, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. स्वप्नात नाही का, आपण शाळेच्या जिन्यावरून चढतो आणि माहेरच्या अंगणात पोचतो, आणि ते बरोबरच वाटतं... तसं. कोणी घाई करत नव्हतं. एक चिमणी उडाली. मग पाणी पडण्याचा आवाज, खूप वेळ, शांतपणे. मध्येच आबा डोळे न उघडता म्हणाले, “पाण्याचा फार आवाज येतोय. कूलर बंद कर.” आबांना कानात यंत्र असल्याशिवाय शेजारच्या लग्नाचा बँड ऐकू येत नाही, आणि यंत्र टेबलावर होतं.

मी उठले, कूलर बघितला. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. टाकी कोरडी ठणठणीत. मग मी वही घेतली, सारांश लिहिला, चहा टाकला.

बुधवारी पावणेबाराला तुमचा फोन आला. तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात संध्याकाळ होती, तन्वीच्या हातात टोस्ट होता. मी वही उघडली आणि म्हटलं, “भाग नववा.”

ओजस हसला. “आजी, नववा नाहीये. आठच आहेत.”

“मी काल पाहिला.”

“तू झोपली असशील. आठव्यात तो धुक्यात गायब होतो, तिथेच संपते.”

“मी मुलींच्या पेपरांवर झोपले नाही, तर मालिकेत झोपेन? ऐक.” आणि मी वाचायला लागले. मराठीत देते:

‘तो माणूस सकाळी मागच्या दारानं येतो. पाखरांसाठी पाणी ठेवलेला मातीचा परळ उचलतो, खालची किल्ली घेतो. टिल्लू लावून टाकी भरतो. शेजारीण त्याला हात करते.’

तन्वीनं विचारलं, “आजी, टिल्लू म्हणजे काय?”

मी शिकवायला लागले. तीस वर्षांची सवय. म्हटलं, बाळा, आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. अकोल्याला आत्याकडे तर चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि जोर नसतो, म्हणून लोक नळाला एक लहानशी मोटर लावतात, तिला टिल्लू म्हणतात. नळ आले आणि घरी कोणी नसलं तर शेजारी टाकी भरून देतात. त्यासाठी मागची किल्ली कुठे असते ते शेजाऱ्यांना माहीत असतं, आणि —

आणि माझं बोट वहीतल्या त्या शब्दावर थांबलं.

तळ्याकाठच्या त्या थंड गावात टिल्लू कोण लावेल? मी स्वतःच्या अक्षरात, इंग्रजी वाक्याच्या मध्यभागी, ‘टिल्लू’ लिहिलं होतं आणि मला ते खटकलं नव्हतं. पुढच्या ओळीवर नजर गेली. ‘स्वयंपाकघरात तीन ताटं मांडतो, मीठ वाढतो, आणि मुलीची शाळा सुटायची वाट बघत बसतो.’

मी तुम्हाला म्हटलं, ठेवते. तुम्ही दोघं घाबरलात, मला माहीत आहे. ओजस नंतर म्हणाला, आजीचा चेहरा स्क्रीनवर पांढरा पडला होता.

इथे अकोल्याचं घर सांगायला हवं, तुम्ही तिथे लहानपणी राहिला आहात पण विसरला असाल. गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत, समोर व्हरांडा, मागे छोटं अंगण, अंगणात जमिनीखालची टाकी. आत्याचे यजमान, तुमचे काका, नागपूरला नोकरीला, शनिवारी येतात. आत्या सकाळी दवाखान्यात जाते, दोनपर्यंत पेशंट. त्यांची मुलगी सई नऊ वर्षांची. मार्चमध्ये सकाळची शाळा, साडेबाराला रिक्षा दारात सोडते, आणि ती मागून किल्ली घेऊन स्वतःच दार उघडते. शेजारी पुष्पाताई. गेल्या वर्षापर्यंत आत्या पेशंटना व्हरांड्यातच बसवायची, घरीच बघायची.

चारूला फोन लावला. बंद. पेशंटसमोर बसली की ती फोन बंद करते, तो तिचा नियम आहे आणि योग्य नियम आहे. दवाखान्याचा फोनही कोणी घेतला नाही. मग पुष्पाताईंना लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद पडला. पुन्हा लावला. आबा शेजारी येऊन उभे राहिले, त्यांना काही कळलं नव्हतं, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला. घड्याळात बाराला पाच कमी होते.

“काय जी मावशी!” पुष्पाताईंना दम लागला होता. “गच्चीवर कुरड्या टाकून राहिली होती, फोन खाली. हात चिकाचे हायेत, बोला लवकर.”

“पुष्पाताई, आज नळ आले का?”

“आले न. अन् तुमच्या चारूताईची टाकी भरून राहिली, तुमी कायले जीव टांगता?”

“कोण भरतंय? तुम्ही?”

“मी कायले? त्याईचा भाऊ आला न. चष्म्यावाला. मागच्या खेपेलेबी त्यानंच भरली. लय सादा माणूस जी. मले म्हणे, काकू, तुमी कायले त्रास घेता.”

“पुष्पाताई, चारूला एकच भाऊ आहे. तो ऑस्ट्रेलियात आहे. आत्ता त्याच्याच घरी बोलत होते मी.”

मग एकदम खालच्या सुरात, “अवं माय... मंग हा कोन व्हय?”

मी सांगितलं, आत जाऊ नका. कोपऱ्यावर थांबा, सईची रिक्षा आली की तिला तुमच्या घरी न्या. पोलिसांना मी फोन करते.

“अन् त्याले मोकया सोडू? पोरीच्या घरात बसून हाय तो!”

“पुष्पाताई, ऐका माझं —”

“तुमी मास्तरीण असाल मावशी, पन पोरगी माह्या डोयासमोर वाढली.” आणि फोन ठेवला.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्या अनवाणी गेल्या, चपलेचा आवाज नको म्हणून. पुढच्या दाराला आत्यानं सकाळी बाहेरून कुलूप लावलेलंच होतं. मागच्या दाराची कडी पुष्पाताईंनी हळूच ओढली आणि स्वतःच्या फाटकाचं कुलूप काढून तिला अडकवलं. टाकी भरून पाणी अंगणातून गल्लीत चाललं होतं. कुलूप खट्ट झालं तेव्हा आतून तो बोलला, अगदी शांतपणे —

“काकू, टाकी भरली. टिल्लू बंद करून द्या.”

“आन मी केला जी बंद,” पुष्पाताई सांगतात आणि स्वतःच हसतात. “सवयच तशी. चोर म्हनला तरी पानी वाया कावून घालवाचं?” हसता हसता त्यांना रडू येतं.

सईची रिक्षा साडेबाराला आली. पोलीस त्यानंतर दहा मिनिटांनी आले आणि त्याला घेऊन गेले. मी आणि आबा गाडी करून अकोल्याला पोचेपर्यंत तीन वाजले होते. सई पुष्पाताईंच्या ओट्यावर बसून कुरडईचा चीक खात होती, साखर घालून. तिला सांगितलं होतं की घरात साप निघालाय.

मी घरात गेले. स्वयंपाकघरात तीन ताटं मांडलेली होती. तिन्हींत डाव्या हाताला मीठ. पाण्याचे पेले भरून ठेवलेले, सईचा पेला बरोबर सईच्या जागी. त्याच्या पिशवीत तिच्या शाळेचं वेळापत्रक होतं, सुंदर अक्षरात उतरवलेलं, आणि त्याच दुपारच्या गाडीची दोन तिकिटं. एक पूर्ण, एक अर्धं.

चारू ते अर्धं तिकीट बघून भिंतीला टेकून खाली बसली. तो तिचा दीड वर्षापूर्वीचा पेशंट. व्हरांड्यात आपल्या वेळेची वाट बघत बसलेला असताना पुष्पाताईंना मागून किल्ली काढून आणताना त्यानं किती वेळा पाहिलं असेल, कोण जाणे. किल्लीची जागा बदलली तरी गल्लीत उभं राहून तो सईवर नजर ठेवून असणार. उपचार थांबवल्यावर चिठ्ठ्या आल्या, फुलं आली. ती कोणाला बोलली नव्हती. “आई, मला वाटलं तो आजारी आहे. आजारी माणसाला चोर म्हणायचं का? मी सांभाळीन असं वाटलं.” मी तिला रागावले नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. बाहेर पाणी अजून गल्लीत चमकत होतं आणि चिमण्या त्यात अंघोळ करत होत्या. परळ जागच्या जागी होता.

पुढे अमरावतीला आली तेव्हा चारूनं माझी वही वाचली, दोनदा. तिचं म्हणणं, मनाला आधी कळतं. तिच्या आवाजातली भीती मी फोनवर ओळखली असेन आणि अर्धवट झोपेत तिची गोष्ट केली असेन. “पेशंट म्हणून घेतलं असतं तुला, पण नात्यात चालत नाही,” असंही म्हणाली. ठीक आहे. पण परळ तिनं मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेवला होता आणि मी दिवाळीनंतर अकोल्याला गेलेच नव्हते. त्याआधी किल्ली कुंडीत असायची. आणि मीठ? आणि आबांना ऐकू आलेलं पाणी? ओजसनं तिकडून खातं तपासलं — मंगळवारी दुपारी आमच्या टीव्हीवर काहीही चाललेलं नव्हतं. आठवा भाग सोमवारी संपला होता. मी दोन महिने विचार केला. बसेल असं एकही उत्तर मला सापडलेलं नाही, आणि पाहिलेलंच लिहायचं हा माझाच नियम असल्यामुळे मी उत्तर बनवूनही देणार नाही.

सई आता शाळेतून थेट पुष्पाताईंकडे जाते. किल्ली चारूच्या पर्समध्ये असते. नळ आले आणि ती घरी नसली तर टाकी रिकामी राहते, मग पुष्पाताई भिंतीवरून पाइप टाकतात.

तन्वीनं परवा विचारलं, “आजी, नवव्या भागाचा शेवट काय होता?” तू मध्येच टिल्लू विचारलंस ना, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी मी तेव्हा वाचल्याच नाहीत. लिहिल्याचंही आठवत नव्हतं. अकोल्याहून परतल्यावर, चार दिवसांनी, वही उघडली तेव्हा दिसल्या. अक्षर माझंच आहे, थोडं उतरतं, पेन हातातून सुटत असल्यासारखं:

‘दूर दुसऱ्या गावात एक म्हातारी बाई फोन लावते. फोन खूप वेळ वाजत राहतो.’

एवढंच. पुढे कोरं पान. कोणी उचलला की नाही, ते लिहिलेलं नाही.

तुम्ही दोघं मला नेहमी म्हणता, आजी, फोन कशाला करतेस, मेसेज टाक ना. टाकीन, तोही टाकीन. पण माझा फोन वाजला तर हातातलं असेल ते ठेवा, हात चिकाचे असले तरी चालतील... आणि उचला.